केपटाऊनची वाइन आणि गोव्याची आजी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये आवाज नीट येत नाही किंवा जे ऑफिसात गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय. "म्हणजे बघा" आणि "तर काय झालं" तेवढे कमी केलेत.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. आपली एक श्रोती ऑफिसच्या कामासाठी केपटाऊनला चालली आहे. काम संपल्यावर तिच्याकडे एकच दिवस मोकळा आहे. तिनं विचारलं, "ताई, सगळे म्हणतात वाइन रीजन बघ. पण एका दिवसात कुठे जाऊ? आणि मी फारशी पीत नाही, तर जाऊन करू काय?"

मी तिला एका शब्दात उत्तर दिलं: कॉन्स्टान्शिया. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात मावेना, म्हणून हा भाग.

आधीच कबूल करते. मी स्वतः पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा अर्धी जागा बघून परत आले. टूरच्या गाडीतून गेलो, पाच ग्लास समोर आले, फोटो काढले, नेपोलियनची गोष्ट ऐकली, संध्याकाळी हॉटेलवर. मस्त दिवस होता. आपल्याशी, म्हणजे गोव्याशी, या जागेचं काय नातं आहे हे मला घरी आल्यावर वाचताना कळलं. तेव्हा वाटलं, अरे, मी तिथे उभी होते आणि मला कुणी सांगितलं नाही! तुमचं तसं होऊ नये.

आधी भूगोल: समुद्र जवळ असला की काय होतं?

केपटाऊनच्या टेबल माउंटनचा फोटो तुम्ही पाहिलेलाच असणार, वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट डोंगर. या डोंगररांगेच्या मागच्या अंगाला, शहरापासून गाडीनं साधारण अर्ध्या तासावर कॉन्स्टान्शिया आहे. शहराबाहेर म्हणावं तर ते केपटाऊनचंच उपनगर. मोठमोठे बंगले, ओकची झाडं आणि मध्येच डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे.

मळ्यात उभं राहिलात की खाली लांबवर समुद्र दिसतो. तो फॉल्स बे. बे म्हणजे उपसागर. या समुद्रामुळेच इथली द्राक्षं वेगळी आहेत.

आपल्याला समुद्र म्हटलं की दमट, चिकट हवा आठवते. कोकणात मे महिन्यात वारा आला तरी घाम काही थांबत नाही, कारण अरबी समुद्राचं पाणीच कोमट असतं. केपटाऊनचं उलट आहे. तिथल्या अटलांटिक किनाऱ्यावर दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो, त्याला बेंग्वेला म्हणतात. त्या बाजूला भर उन्हाळ्यातही पाणी १० ते १५ अंशांच्या आसपास असू शकतं. पाय बुडवला की किंकाळी! फॉल्स बेचं पाणी त्या मानानं उबदार, पण आपल्या हिशेबानं तेही गारच.

उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या डिसेंबर ते मार्चमध्ये, आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. त्याला लोक "केप डॉक्टर" म्हणतात, कारण तो शहरावरची घाण हवा उडवून नेतो. हाच वारा फॉल्स बेवरून येऊन कॉन्स्टान्शियाच्या मळ्यांत शिरतो. त्यात इथले बरेच उतार पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन मिळतं, आणि दुपार कलली की डोंगराची सावली पडते.

याचा द्राक्षांवर परिणाम काय? द्राक्ष पिकताना दोन गोष्टी चालू असतात. साखर वाढते आणि आंबटपणा कमी होतो. हवा फार गरम असेल तर हे पटकन होतं. साखर भरपूर होते, पण आंबटपणा गेलेला असतो आणि वासही नीट तयार झालेला नसतो. हवा थंड असेल तर फळ सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो आणि सुगंध भरायला वेळ मिळतो. कॉन्स्टान्शियाची आज सगळ्यात जास्त ओळख असलेली पांढरी वाइन म्हणजे सोव्हिन्यों ब्लां. तिचा तो लिंबासारखा चटका आणि हिरवा, ताजा वास येतो तो या सावकाशपणातून. शिवाय वाऱ्यानं पानं कोरडी राहतात, त्यामुळे बुरशीही कमी लागते.

नाशिकला जाऊन आलेल्यांसाठी एक फरक सांगते. नाशिक विषुववृत्ताच्या जवळ, उत्तरेला साधारण २० अंशांवर. तिथे थंडी एवढी पडत नाही की वेल पूर्ण झोपी जाईल. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात, आणि पीक आपल्या थंडीच्या शेवटी, जानेवारी ते मार्चमध्ये घेतात. केपटाऊन दक्षिणेला ३४ अंशांवर. तिथे थंडीत पाऊस, वेल झोपलेली, आणि उन्हाळ्याच्या शेवटी, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणी. दोन्हीकडे महिने जवळपास तेच, पण ऋतू उलटे.

जमीन कुणी दिली, कुणी घेतली

आता गोष्ट सुरू होते. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं केपला ठाणं टाकलं. युरोपातून आशियात जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावं एवढाच हेतू. तिथे आधीपासून खोईखोई लोक गुरं चारत होते. त्यांची कुरणं गेली, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवूया. कंपनीच्या लोकांनी वेली लावल्या आणि फेब्रुवारी १६५९ मध्ये केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली.

१६७९ मध्ये नवा अधिकारी आला, सायमन व्हॅन डर स्टेल. स्टेलनबॉश हे नाव तुम्ही ऐकलं असेल, दुसरा प्रसिद्ध वाइनचा भाग. ते गाव यानंच वसवलं, नावही स्वतःचंच दिलं. १६८५ मध्ये त्याला डोंगराच्या मागची जमीन मिळाली, सुमारे ७६० हेक्टर. म्हणजे १,८०० एकरांहून जास्त! तीच कॉन्स्टान्शिया.

ही जमीन त्याला देणारा माणूस म्हणजे कंपनीचा तपासणी अधिकारी हेंड्रिक व्हान रीड. आता इथे कान टवकारा. हा तोच व्हान रीड, जो आधी मलबारचा डच कमांडर होता आणि ज्यानं "हॉर्टस मलबारिकस" हा वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. त्यांचं कोंकणीतलं पत्र त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलेलं आहे. सतराव्या शतकात, ॲम्स्टरडॅममध्ये! हा व्हान रीड पुढे १६९१ मध्ये सुरतेला जाताना समुद्रात वारला आणि त्याची कबर आजही सुरतेत आहे.

जमीन देणाऱ्याचं नातं असं आपल्या किनाऱ्याशी. घेणाऱ्याचं तर त्याहून जवळचं.

सायमनचा जन्म १६३९ चा, जहाजावर, मॉरिशसला जाताना. बाप डच अधिकारी. आईचं नाव मारिया लिव्हेन्स. मारियाचे वडील कंपनीच्या जहाजाचे कप्तान होते, आणि तिची आई होती गुलामगिरीतून सुटलेली एक भारतीय बाई. तिचं नाव येतं ते "मोनिका दा कोस्टा" किंवा "गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका" असं.

म्हणजे आफ्रिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध वाइनच्या मळ्याचा जो संस्थापक, त्याची आजी गोव्याच्या किनाऱ्यावरची होती, आणि ती कधीकाळी विकली गेलेली होती.

मला हे वाचून पहिल्यांदा अभिमान वाटला. खोटं का बोलू? "आपली" म्हणून. दोन मिनिटांनी तो उतरला. कारण पुढचं पान आलं. मोनिकाचा हा नातू स्वतः गुलाम बाळगून होता.

ही वाइन जगभर कशी गाजली

सायमन १७१२ मध्ये वारला. त्याच्या जमिनीचे तुकडे झाले. मधला मोठा तुकडा, त्याच्या राहत्या घराचा, तो ग्रूट कॉन्स्टान्शिया. ग्रूट म्हणजे थोरलं, क्लेन म्हणजे धाकटं. आपल्याकडे खुर्द आणि बुद्रुक असतं ना, तसंच.

१७७८ मध्ये हेंड्रिक क्लुटे नावाच्या माणसानं ग्रूट कॉन्स्टान्शिया विकत घेतलं आणि इथली गोड वाइन युरोपच्या राजवाड्यांत पोचवली. मस्कत जातीची द्राक्षं वेलीवरच सुकत ठेवायची, मनुका व्हायच्या थोडं आधीपर्यंत. पाणी उडून जातं, साखर आणि वास घट्ट होतो. मग पिळायची. रस अगदी थोडा निघतो, म्हणून महाग.

नेपोलियनला १८१५ मध्ये सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवलं, तेव्हा त्याच्यासाठी तिथे कॉन्स्टान्शियाची वाइन जायची. जेन ऑस्टेनच्या १८११ च्या "सेन्स अँड सेन्सिबिलिटी" कादंबरीत प्रेमभंग झालेल्या मुलीसाठी औषध म्हणून हीच वाइन आणली जाते. तेव्हाचा ब्रेकअपचा उपाय!

पुढे एकोणिसाव्या शतकात सगळं घसरलं. वेलींवर भुरी आली, ब्रिटननं फ्रेंच वाइनवरचा कर कमी केल्यावर केपच्या वाइनला गिऱ्हाईक उरेना, आणि १८८६ मध्ये फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड केपला पोचली. त्याआधीच, १८८५ मध्ये, सरकारनं ग्रूट कॉन्स्टान्शिया विकत घेतलं होतं. ती जुनी गोड वाइन जवळजवळ शंभर वर्षं बंद होती. शेजारच्या क्लेन कॉन्स्टान्शियानं तिला पुन्हा उभं केलं. १९८६ च्या पिकापासून "व्हॅं द कॉन्स्टान्स" या नावानं ती परत येते.

ही झाली तीच गोष्ट, जी मला गाडीत सांगितली होती. राजे, नेपोलियन, कादंबरी. आता राहिलेली गोष्ट.

वेली लावल्या कुणी, द्राक्षं तोडली कुणी

केपला गुलामांची पहिली मोठी जहाजं १६५८ मध्ये आली. तेव्हापासून १८०८ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांत, साठ हजारांहून जास्त माणसं तिथे गुलाम म्हणून आणली गेली. मादागास्कर, मोझांबिक, आजचा इंडोनेशिया आणि भारत. त्यातली साधारण पाव माणसं भारतीय उपखंडातली होती, असं इतिहासकारांनी काढलं आहे. बंगाल, कोरोमंडल, मलबार.

केपटाऊनमधलं भारतीय म्हटलं की आपण एकदम गांधीजींच्या काळात जातो. पण गांधीजी दक्षिण आफ्रिकेत उतरले १८९३ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी भारतीय माणसं केपच्या मळ्यांत राबत होती.

त्यांची नावं काढून घेतली जायची. नवीन नाव मिळायचं आणि पुढे कुठून आणलं ते जोडायचं. "व्हान बेंगाले", "व्हान मलबार". काहींना तर महिन्याचं नाव. म्हणून आजही केपटाऊनमध्ये फेब्रुवारी, सप्टेंबर अशी आडनावं भेटतात. फोनवर कुणी "मी सप्टेंबर बोलतोय" म्हणालं तर हसू नका. त्या आडनावामागे बहुतेक वेळा हा इतिहास असतो.

सगळेच फक्त सोसत बसले असंही नाही. अँजेला व्हान बेंगाले नावाची बाई गुलाम म्हणून केपला आली, १६६६ मध्ये मोकळी झाली आणि पुढे स्वतःच्या जमिनीची मालकीण झाली. पण अशी नशिबं थोडी.

गुलामगिरी १ डिसेंबर १८३४ ला कायद्यानं संपली. खरं म्हणजे संपली नाही, कारण "शिकाऊ" म्हणून आणखी चार वर्षं त्याच मालकाकडे काम करायचं होतं. खरी सुटका १ डिसेंबर १८३८ ला. ब्रिटिश सरकारनं सगळ्या साम्राज्यात मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. राबणाऱ्यांना एक पैसा नाही.

सुटल्यावर बरेच जण त्याच मळ्यांवर मजूर झाले, कारण जमीन नव्हती. आणि मजुरीचा एक भाग वाइनच्या रूपात मिळायचा. दिवसातून ठरावीक वेळा टमरेलभर वाइन. याला "डॉप" पद्धत म्हणतात. डॉप म्हणजे आफ्रिकान्समध्ये दारूचा घोट. माणूस व्यसनी होतो, मळा सोडून जात नाही, आणि विकायला नको असलेली हलकी वाइनही खपते. कायद्यानं बंदी आल्यावरही काही ठिकाणी हे विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालू होतं. याची किंमत आजची मुलं मोजतायत. गरोदरपणात आईच्या दारूमुळे बाळाच्या मेंदूवर जो परिणाम होतो, त्याचं प्रमाण वेस्टर्न केपमध्ये जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी एक आहे.

म्हणून त्या श्रोतीनं "मी फारशी पीत नाही, तर करू काय?" असं विचारलं तेव्हा मला तो प्रश्नच उलटा वाटला. या जागेत प्यायच्या गोष्टीपेक्षा बघायच्या गोष्टी जास्त आहेत.

आणि मग १९५० चा कायदा

अजून एक थर राहिला. आज कॉन्स्टान्शियात फिरताना ते श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या लोकांचं उपनगर वाटतं. ते आपोआप तसं झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे भाजी आणि फुलं पिकवणारी कितीतरी "कलर्ड" कुटुंबं होती. हा शब्द तिथल्या सरकारनं लावलेला. गुलाम, खोईखोई, युरोपीय अशा मिश्र वंशाच्या लोकांसाठी. १९५० मध्ये ग्रुप एरियाज ॲक्ट आला. कुणी कुठे राहायचं ते वंशावरून ठरणार. १९६० च्या दशकात कॉन्स्टान्शिया फक्त गोऱ्यांसाठी ठरलं आणि या कुटुंबांना उठवून केप फ्लॅट्स नावाच्या रेताड सपाट भागात पाठवलं.

याच कायद्यानं आपल्या कोकणी माणसालाही हलवलं. हो, केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गेलेली कुटुंबं. त्यातले बरेच डिस्ट्रिक्ट सिक्स या शहराच्या मधल्या वस्तीत राहायचे. तिथून उठवल्यावर भारतीयांसाठी ठरवलेला भाग होता रायलँड्स.

आता विचार करा. सायमन व्हॅन डर स्टेलचं नाव मोठ्या अभिमानानं मिरवणाऱ्या त्या सरकारनं त्याच्याच आजीला कॉन्स्टान्शियात घर घेऊ दिलं नसतं.

१९९४ मध्ये लोकशाही आली आणि त्याच वर्षी जमिनी परत मागण्याचा कायदा झाला. कॉन्स्टान्शियातल्या काही कुटुंबांनीही दावे लावले. हे जुनं प्रकरण नाही. उठवले गेलेले काही लोक अजून आहेत, त्यांना आपलं घर कुठे होतं ते बोटानं दाखवता येतं.

मग एक दिवस कसा घालवायचा?

हे सगळं ऐकून "जाऊच नको का?" असं वाटलं असेल तर थांबा. जा. नक्की जा. फक्त क्रम बदला. माझा सल्ला असा:

१. सकाळी शहरातच सुरुवात करा. ॲडर्ली स्ट्रीटच्या टोकाला स्लेव्ह लॉज आहे. १६७९ मध्ये कंपनीनं स्वतःच्या गुलामांना ठेवायला बांधलेली इमारत, आता म्युझियम. तास-दीड तास द्या. वेळ आणि सुट्टीचा वार आधी फोनवर बघून घ्या.

२. बाहेर पडलात की शेजारीच चर्च स्क्वेअर. तिथे काळ्या ग्रॅनाइटचे चौकोनी दगड दिसतील. २००८ मध्ये उभं केलेलं गुलामांचं स्मारक. दगडांवर नावं कोरलेली आहेत. लोक त्यावर बसून डबा खातात, त्यामुळे लक्षात येत नाही. थांबून वाचा.

३. मग कॉन्स्टान्शिया. सिटी साइटसीइंगच्या लाल डबलडेकरनं निळ्या मार्गानं कॉन्स्टान्शिया नेकला उतरता येतं आणि तिथून जांभळ्या मार्गाची बस मळ्यांवर नेते. वेळापत्रक बघूनच निघा, शेवटची बस चुकली तर पंचाईत. नाहीतर ॲपची टॅक्सी.

४. ग्रूट कॉन्स्टान्शियाचं जुनं घर आधी बघा. पांढऱ्या भिंती, गवताचं छप्पर, समोर नक्षीदार उंच शिरोभाग. याला केप डच शैली म्हणतात. १९२५ मध्ये हे घर जळलं आणि नंतर पुन्हा उभं केलं. आत म्युझियम आहे. फर्निचर आणि चिनी मातीची भांडी बघताना एक प्रश्न मनात ठेवा: ही भांडी घासायचं कोण? मागे १७९१ ची जुनी वाइन कोठी आहे, तिच्यावरचं शिल्प चुकवू नका.

५. क्लेन कॉन्स्टान्शियाला गेलात तर फाटकापाशी थांबा. तिथे एका सुफी शेखची मजार आहे. अशा मजारींना केपमध्ये क्रमत म्हणतात. शेख अब्दुररहमान मातेबे शाह, सुमात्राचे. डचांनी त्यांना १६६० च्या दशकात कैद करून इथे पाठवलं. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइनच्या दारात दारू न पिणाऱ्या समाजाचं श्रद्धास्थान! आत जायचं तर चपला बाहेर, डोकं झाकलेलं, आणि चाखून आल्यावर नाही, आधी. तेवढा मान ठेवूया.

चाखायचं कसं, न पिता कसं

टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइन प्रत्येकी दोन घोट मिळतात. आधी ग्लास उजेडात धरून रंग बघा. मग ग्लास गोल फिरवून वास घ्या. निम्मी चव तर वासातच असते. मग छोटा घोट घ्या, तोंडात चूळ भरल्यासारखा फिरवा आणि हवं तर थुंका. टेबलावर पिकदाणीसारखं भांडं ठेवलेलं असतं, ते त्यासाठीच. थुंकलात तर कुणी हसत नाही, उलट जाणकार समजतात. दिवसभर हेच काम करणारे लोक सगळं गिळत नाहीत.

मोठी चूक मी केली ती सांगते: उपाशी पोटी गेले. तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्या वाइन मला "छान" लागायला लागल्या. नाश्ता करून जा, मध्ये पाणी प्या.

न पिणाऱ्यांनी मळ्यातून चालावं, जेवावं, म्युझियम बघावं. कुणी आग्रह केला तर नाही म्हणा. गाडी चालवणार असाल तर एक थेंबही नको. तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३०. "तिथे जास्त चालतं" म्हणून हिशेब करत बसू नका. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आहे. आणि हो, तिथे दारू प्यायचं कायदेशीर वय १८ आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

बाटली घ्यायची असेल तर दोन गोष्टी. एक, भारतात परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम ड्युटी लागत नाही, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या आरामात. दोन, बाटलीवर "विएटा"चा शिक्का आहे का बघा. मळ्यावरच्या मजुरांना नीट वागवलं जातं का, हे तपासणारी ही संस्था २००२ पासून काम करते. शिक्का म्हणजे सगळं आलबेल असं नाही. पण गिऱ्हाईक हे विचारतं, एवढं दुकानदाराला कळलं तरी फरक पडतो.

जाता जाता

त्या श्रोतीनं परवा परत मेसेज केला. "एवढा इतिहास डोक्यात घेऊन वाइन गोड लागेल का?"

मला वाटतं, लागेल. चव बदलत नाही. त्या वाऱ्यानं, त्या सावलीनं द्राक्षाचं जे भलं केलंय ते खरंच आहे. पण ग्लास हातात घेताना नेपोलियन आठवायची सक्ती नाही. त्याची आठवण काढायला बरेच लोक आहेत. तुम्ही मोनिकाची काढा. आपल्याच किनाऱ्यावरची होती, आणि गाडीतला गाइड तिचं नाव घेईलच असं नाही. त्यानं नाही घेतलं तर तुम्ही विचारा. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. पुढच्या गाडीला कदाचित तो आपणहून सांगेल.

तर मंडळी, तुम्ही कुठे फिरायला गेलात आणि तिथला असा सुटलेला भाग नंतर सापडला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवू. तोवर पाणी पीत राहा, बाकीचं जपून. भेटूया!